दीड वर्षाची मालकीण

शिरूर अनंतपाळ
३ जानेवारी २०२५

मंजे,

आशीर्वाद. येळवसेला तू आली न्हाईस. येळ अमावस्येचं शेतात सगळे जेवले, भज्जी उरली, आंबिलीचं मातीचं बिंदगं अर्धं भरलेलं तसंच राहिलं. तुझा बाप म्हणला, पोरीला कंपनीत सुट्टी न्हाई. शिवशंकर ते खरं धरून बसला. तो बाप हाय, त्याचं कामच ते. मी त्याची माय हाय. नांदेडात अशी कोणती कंपनी निघाली की जी लातूरकडच्या माणसाला येळवसेला सोडत न्हाई?

फोन करते म्हणू नको. फोनात मला माणूस ऐकू येत न्हाई, नुसता भुंगा ऐकू येतो. पत्र बरं. शेजारची तनुजा ब्लाऊज शिवता शिवता वाचते, मी ऐकते, मग मी बोलते आणि ती लिहिते. अक्षर वाकडं आलं तर तिच्या मशीनला बोल लाव. मला सरळ काय अन् वाकडं काय, सगळं सारखंच.

तर काय झालंय ते लिही. आजारी असलीस तर तसं लिही. कुणी मनात भरला असला तर तेही लिही. शिरूरच्या आसपास तीसेक लग्नं जमवली मी, अजून एकाला जागा हाय.

तुझी अव्वा, सिद्धम्मा
(अंगठा त्यांचा, अक्षर तनुजाचं)


नांदेड
९ जानेवारी

अव्वास साष्टांग नमस्कार.

आजारी नाही आणि मनातही कुणी भरलेलं नाही. तनुजाकाकू, पुढचं वाचताना आवाज हळू ठेवा. बाबा ओट्यावर असतील तर नंतर वाचा.

आमच्या कंपनीतली प्रयोगशाळा बंद होतेय. तेलाचे आणि पेंडीचे नमुने आता हैदराबादला तपासायला पाठवणार. आम्हा तिघींचं काम ३१ मार्चला संपतं. त्याच्या आत दुसरीकडे लागले नाही तर खोली सोडून घरी यावं लागेल, आणि घरी आले की बाबा निलंग्याचं ते स्थळ काढतील. मला परत कुणाच्या घरी परवानगी मागत राहायचं नाही. म्हणून सुट्टीत येळवसेला न येता अर्ज करत बसले.

कंपन्यांना माणसं शोधून देणाऱ्या कन्सल्टन्सी असतात. अशा पाच जणांना बायोडाटा दिलाय. दोन नांदेडचे, दोन लातूरचे, एक हैदराबादचा. एकानं नोंदणी फी मागितली, बाकीचे "कळवतो" म्हणाले. दोन महिने झाले, कळवलं कुणीच नाही. मी रोज सकाळी पाचही जणांना मेसेज टाकते. बाबांना यातलं काही सांगू नकोस.

मंजुषा


शिरूर अनंतपाळ
१७ जानेवारी

मंजे,

तनुजानं आवाज हळू ठेवला. इतका हळू, की मला तीनदा वाचून घ्यावं लागलं आणि तिसऱ्यांदा ती वरडलीच. शिवशंकर दुकानात होता म्हणून वाचलीस.

तू नोकरी शोधून राहिलीस म्हणतेस, मला तर हे सगळं लग्न जमवल्यासारखंच दिसतं. मग आधी एवढं सांग, त्या मध्यस्थाला आहेर कोण करतं? तनुजा म्हणते, कंपनी करते. मग तो वरपक्षाचा माणूस झाला की गं! तुझ्यासाठी न्हाई फिरत तो. कंपनीनं त्याच्या हातात यादी दिलेली असती, पोरगी अशी पाहिजे, तशी पाहिजे. मी पण पोरींकडं तसंच बघायची, त्यात राग धरण्यासारखं काही न्हाई. पण तू गेल्या गेल्या स्वतःचं गुणगान लावतेस. तसं करू नको. आधी विचार, तुमच्या यादीत काय हाय? मग त्यातलं तुझ्यात काय हाय तेवढंच बोल. बाकीचं त्याच्या कानात शिरत न्हाई.

आणि पाच दारं कामून? पार्वतीबाईनं तिच्या पोरीचा, सुमनचा कागद चौघांना दिला होता. देवणीच्या एकाच घरी तो तीन वाटांनी जाऊन पडला. ते म्हणले, इतकी चांगली पोरगी असती तर कागद असा गावभर फिरला असता का? वरून तिघं मध्यस्थ आहेरावरून भांडायला लागले. देवणीवाल्यांनी हात झटकले आणि दुसरीकडची सून केली. सुमनमध्ये काही खोट नव्हती. एकाला धर, जास्तीत जास्त दोघांना, आणि कागद कुठं कुठं गेला ते एकमेकांपासून लपवू नको. स्थळ दाखवायच्या आधी हात पसरतो त्याला तर सोडूनच दे.

रोज मेसेज नको. पोरीचा बाप रोज दारात आला की मी मागच्या दारानं निघून जायची.

शेवटचं. खोट असली तर मध्यस्थाला आपणच आधी सांगावी. पोरगी तिरळी असली तर तिरळी म्हणावं, तो तसं घर बघतो. ऐन बैठकीत कळलं की त्याचं नाक जातं, मग तो जन्मात आपली कडी वाजवत न्हाई.

तुझी अव्वा


नांदेड
४ फेब्रुवारी

अव्वास नमस्कार.

तुझी पद्धत चालली! फी मागणाऱ्याला, हैदराबादवाल्याला आणि आणखी एकाला सोडलं. लातूरचे हरिओम सर म्हणून आहेत, मार्केट यार्डाच्या समोर ऑफिस आहे, त्यांना धरलं. तू म्हणालीस तसं विचारलं, कंपनीला नक्की काय पाहिजे? त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "हे विचारणारी या वर्षातली तुम्ही दुसरी."

त्यांनी माझा बायोडाटा मोडून नवा करून घेतला. "मेहनती, प्रामाणिक" असं सगळे लिहितात, ते खोडलं. दिवसाला किती नमुने तपासता, कोणती यंत्रं हाताळता, नोकरी सोडायला किती दिवस लागतील, हे वर आणलं. चार पानांचं एक पान झालं. लातूरच्या एका तेल कंपनीत प्रयोगशाळेची जागा आहे, २० तारखेला मुलाखत. नांदेडच्या एकाला अजून "थांबा" म्हणाले नाही, तेवढं राहिलंय.

खोटेचं म्हणशील तर ती मी बुजवली. लग्नाच्या आधी लातूरच्या प्रयोगशाळेत होते ना, ती नोकरी मार्च २०२१ ला सोडली. कागदावर सप्टेंबर २०२२ लिहिलंय. उदगीरला सासरी काढलेलं दीड वर्ष त्यात बसून गेलं. सगळेच असं करतात. नाहीतर पहिला प्रश्न तोच येतो, एवढे दिवस काय केलंत? मग सासर, मग ते का सुटलं, मग समोरच्याचा चेहरा बदलतो. अव्वा, तिरळेपण दिसतं. हे दिसत नाही.

मंजुषा


शिरूर अनंतपाळ
१२ फेब्रुवारी

मंजे,

पत्र पोचलं. मी परवा लातूरला डोळे दाखवायला गेले होते. तनुजाला संगं नेलं. डॉक्टर भला माणूस हाय. एक डोळा मिटायला लावला, मग दुसरा मिटायला लावला. म्हणला, अम्मा, मोतीबिंदू हाय पण घाई न्हाई. मी म्हणलं, मला कुठं वाचायचंय?

येताना एसटीला गर्दी होती. बाकी ठीक. मुलाखतीला जाताना पोटात काही घालून जा.

तुझी अव्वा

(मंजुषा, हे मी माझ्या मनानं खाली लिहिते. त्यांना वाचता येत नाही म्हणून असं करणं बरोबर नाही, पण तुला माहीत पाहिजे. डोळ्यांचा डॉक्टर आम्ही बघितलाच नाही. एसटीतून उतरून थेट हरिओम सरांच्या ऑफिसात गेलो. फायली घेऊन पोरंपोरी बसले होते, त्यांच्यात या जाऊन बसल्या. नंबर आला तेव्हा सरांनाच विचारलं, "आतापर्यंत किती जमवली आणि किती मोडली?" सर हसले. म्हणाले, "अम्मा, तीन महिन्यांत मोडली तर मला दुसरा माणूस फुकट द्यावा लागतो." या म्हणाल्या, "मग तुमचा धंदा माझ्यापेक्षा इमानाचा हाय." आणि लगेच तुझ्या दीड वर्षाचं सांगून टाकलं. मी पदर ओढत होते. सरांनी कॉम्प्युटरवर तुझा कागद काढला, चष्मा काढून ठेवला. म्हणाले, "हे मला मुलीनं सांगायला पाहिजे होतं." पुढे काय करणार ते बोलले नाहीत. मला माफ कर. — तनुजा)


नांदेड
२३ फेब्रुवारी

अव्वा,

पुढे काय केलं ते मी सांगते. हरिओम सरांनी मला फोन करून खऱ्या तारखा विचारल्या. मी सांगितल्या. त्यांनी कंपनीला दुरुस्त केलेला बायोडाटा पाठवला. त्याच आठवड्यात नांदेडच्या त्या दुसऱ्यानं मला न विचारता माझा जुना कागद त्याच कंपनीला दिला. कंपनीच्या टेबलावर माझ्या नावाचे दोन कागद, दोन्हींवर वेगळ्या तारखा. त्यांनी दोन्ही बाजूला ठेवले. २० तारखेची मुलाखत झाली नाही.

दुसऱ्याला मी थांबवलं नव्हतं ही माझी चूक, आणि खोट्या तारखाही माझ्याच. पण तू कुणाला विचारून गेलीस? एकोणतीस वर्षांची आहे मी. हरिओम सरांकडे मी प्रयोगशाळेची केमिस्ट म्हणून गेले होते. आता मी तिथं आजीनं खोट सांगितलेली पोरगी आहे. मुलाखतीत विचारलं असतं तर काय सांगायचं ते मी ठरवलं असतं. ते दीड वर्ष माझं होतं. बुजवायचं की उघडायचं, ते मी बघणार होते.

आता ३१ मार्चला पाच आठवडे राहिले. काही दिवस पत्र लिहिणार नाही.

मंजुषा


शिरूर अनंतपाळ
३ मार्च

मंजे,

तनुजानं खाली काही लिहिलं होतं, ते तुझ्या पत्रावरून कळलं. मी दोन दिवस तिच्याशी बोलले न्हाई, तिसऱ्या दिवशी लिहायला कुणी न्हाई म्हणून बोलले. आता तिच्याकडून शपथ घेतली, लिहिलेलं सगळं मला परत वाचून दाखवायचं. दाखवतेय म्हणते. खरं की खोटं ते तुलाच कळणार.

महाशिवरात्र झाली. उपास सोडला आणि मग हे पत्र घातलं. पोट भरलेलं असलं की बोलायला सोपं जातं.

तू म्हणतेस ते दीड वर्ष तुझं होतं. न्हाई. त्या दीड वर्षाची मालकीण मी हाय.

उदगीरचं स्थळ मी आणलं. नवरदेवाच्या, महांतेशच्या घरचे कसे हायत त्याची चौकशी मीच केली. तिथली एक ओळखीची बाई, आता ती न्हाई, तिनं मला सांगितलं होतं की त्या घरात थोरल्या सुनेला शाळेतली नोकरी सोडायला लावली. सून बाहेर कामाला गेलेली त्यांना चालत न्हाई. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा महांतेशच्या मायनं तेच सांगितलं, आणि वर म्हणली, बाकी पोरीला काही कमी पडू देणार न्हाई. मी चहा घेतला आणि उठले.

शिरूरला येऊन शिवशंकरला आणि तुला मी काय सांगितलं? "त्यांना शिकलेली, नोकरीवाली सूनच पाहिजे." असं बोलले मी. मनात म्हणलं, पोरगी गेली की रुळेल, मूल झालं की नोकरीचं विसरेल. तीस लग्नं जमवली म्हणते मी, त्यातली कित्येक अशीच रुळलेली हायत. रुळली की मोडली, हे मी फक्त बाहेरून बघते.

तू सहा महिन्यांत विचारायला लागलीस, यांनी कबूल केलं होतं ना? मी म्हणले, माणसं बदलतात. ती माणसं बदललीच नव्हती.

खोट आधी सांगावी हे मी तुला शिकवलं. ते मी शहाणी म्हणून न्हाई शिकवलं. हरिओमकडे जाताना एसटीत बसले तेव्हा माझ्या डोक्यात एवढंच होतं की यावेळी कुणी तरी सांगून टाकावं. तुला विचारलं न्हाई. तिथंही पुन्हा तेच केलं, तुला न विचारता तुझं ठरवलं. हे मला तुझं पत्र दोनदा ऐकल्यावर कळलं.

शिव्या द्यायच्या असल्या तर लिही. तनुजा वाचेल. तिच्या तोंडून शिव्या ऐकायला मजा येईल.

अव्वा


शिरूर अनंतपाळ
८ एप्रिल

मंजे,

पत्र न्हाई. ३१ मार्च गेला. शिवशंकरला नोकरीचं कळलं. मी सांगितलं न्हाई, तुझ्या कंपनीतल्या एकीनं दुकानात फोन केला, काम सुटल्यावर मंजुषाची खोली बदलली का म्हणून. त्यानं दुकान लवकर बंद केलं. संध्याकाळी म्हणला, निलंग्याची माणसं अक्षयतृतीयेला बोलावतो.

मी म्हणलं, या स्थळाची चौकशी मी करते. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी त्याच्या दुकानाला काडी लावते म्हणले. तरी केली. निलंग्याला निरोप धाडला. पोरीचं पहिलं लग्न मोडलेलं हाय, पोरगी नोकरी करते आणि पुढंही करणार, कुणाला विचारून करणार न्हाई. हे तुम्हाला चालत असेल तर या, आमरस खाऊन जा.

त्यांचा निरोप आला, यंदा जमणार न्हाई. शिवशंकर मला म्हणला, असं कुणी स्थळाला सांगतं का? मी म्हणलं, मी आजवर सांगितलं न्हाई म्हणून तर बोंब झाली. मग त्याला उदगीरचं सगळं सांगून टाकलं. दोन दिवस जेवताना माझ्याकडं पाठ करून बसला. आज जरा तिरका बसला.

तू कुठं हायस तेवढं कळव. नोकरी लागली न्हाई तरी घर हाय. इथं तुला कुणाची परवानगी लागणार न्हाई, मी असेपर्यंत तरी. तू तनुजाकडं बसून बटणं लावलीस तरी मला चालतंय. तनुजा म्हणते तिला चालत न्हाई, मंजुषाला बटण लावता येत न्हाई.

अव्वा


लातूर
२४ एप्रिल

अव्वा,

खोली सोडून दोन आठवडे मैत्रिणीकडे होते, आता लातूरला आहे. तुझं मार्चचं पत्र रागानं न फोडताच ठेवलं होतं, एप्रिलचं मैत्रिणीनं जुन्या खोलीवरून आणून इकडे पाठवलं. दोन्ही एकाच दिवशी वाचली.

आधी नोकरीचं सांगते. मार्चच्या शेवटी हरिओम सरांचा फोन आला. मला वाटलं, फाईल बंद केली असेल. ते म्हणाले, "तुमच्या खऱ्या तारखा आता मला पाठ आहेत, म्हणून तुम्हाला पाठवायला भीती नाही." एका डाळमिलला प्रयोगशाळा सुरू करायची होती, डाळ बाहेरदेशी पाठवतात म्हणून. त्यांनी मिलच्या मालकीणबाई, उज्वला मॅडम, यांना आधीच सगळं सांगून ठेवलं होतं आणि मला म्हणाले, ते दीड वर्ष कसं सांगायचं ते तुम्हीच ठरवा, मी त्यात पडणार नाही.

मॅडमनी बसल्या बसल्या विचारलं, "दीड वर्ष कुठं होतात?"

मी म्हणाले, "सासरी. तिथं नोकरी करू दिली नाही."

"मग आता कुणी करू दिली?"

"कुणाला विचारलं नाही."

त्या हसल्या नाहीत. तुरीची मूठ पुढं केली, म्हणाल्या, ओलावा सांगा. इथं सगळे व्यापारी दाणा दाताखाली धरून सांगतात, तसं मीही एक दाणा फोडला आणि अकरा टक्के म्हणाले. मग यंत्रावर लावला. यंत्रानं साडेबारा दाखवले. मॅडम म्हणाल्या, "आता कुठला आकडा लिहिणार?" मी म्हणाले, "यंत्राचा. आणि माझा दात चुकला हे शेजारी लिहिणार." तिथंच काम ठरलं. पगार तेलवाल्यांपेक्षा कमी आहे. पण प्रयोगशाळा रिकामी आहे, टेबलापासून सगळं मीच मांडतेय. सोमवारी पहिला नमुना तपासला. बाबांना कालच फोन केला, ते "बरं" म्हणाले, दोनदा.

आता तुझं. उदगीरचं वाचलं. मला राग आला. अजून आहे. ते दीड वर्ष मला वाटत राहिलं की मीच काहीतरी कमी पडले, म्हणून ते लोक बदलले. तुला पहिल्यापासून माहीत होतं आणि तू मला तसं वाटू दिलंस. याचं उत्तर पत्रात लिहिता येत नाही. मी दोनदा लिहिलं आणि फाडलं.

लातूरहून एसटी आहेच. रविवारी सकाळच्या गाडीनं येते. भांडायचंय, समोरासमोर. मग तिथंच जेवेन. त्या दिवशी तनुजाकाकूंना सुट्टी दे. आपल्या दोघींमध्ये लिहिणारं, वाचणारं कुणी नको.

मंजुषा